उत्तरेकडची अकरा गाठोडी

केरबा आरडेचा हात चांगला, हे आंबेखोलमध्ये शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. गाभण म्हैस अडली की जनावरांच्या डॉक्टरला फोन नंतर जायचा, आधी केरबाला हाक जायची. तो यायचा, बाह्या सारायचा, कोपरापर्यंत हात आत घालून रेडकाचे पाय हुडकायचा, आणि हे चाललेलं असताना म्हशीशी इतक्या गोडीगुलाबीनं बोलायचा की त्याची बायको, होती तोवर, म्हणायची, "माझ्याशी कवा असं बोलला न्हाई ह्यो बाबा."

रेडकू जमिनीवर आलं की मागोमाग वार पडते. इतर मुलखात ती पुरतात. पण आंबेखोल कोल्हापूरच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत, आणि तिथली रीत अशी की वार जुन्या पोत्यात गुंडाळायची, काथ्यानं आवळायची आणि गावाबाहेरच्या वडाला टांगायची. वडाच्या अंगात चीक असतो. वार त्याच्यावर गेली की म्हशीच्या कासेतही तसंच दूध दाटतं, असा समज. हे कामही केरबाचंच. दोन हजार चव्वेचाळीस साल उजाडलं, उसावर औषध मारायला ड्रोन आले, बांधावर बसून माणसं उपग्रहाला पाऊस विचारू लागली, पण वार बांधायचं यंत्र काही कुणी काढलं नाही. वडावर इतकी गाठोडी लोंबू लागली होती की परक्या माणसानं बघून दचकावं.

त्या वडाची एक फांदी उत्तरेला, ओढ्यावर वाकलेली होती. तिच्यावरची गाठोडी वेगळी. दिवस भरायच्या आत म्हैस गाभडली, म्हणजे तिनं गर्भ टाकला, तर ती वार केरबा तिकडे बांधायचा. चांगल्यात वाईट मिसळू नये म्हणून. म्हैस गाभडणं ही घराला लाज. गोठ्याला नजर लागली, घरात काहीतरी वावडं घडलं, असं लोक बोलणार. म्हणून मालक केरबाचा हात धरून म्हणायचा, "आबा, कुणाला बोलू नगा." आणि केरबा बोलायचा नाही. गेल्या चार वर्षांत दहा घरांनी त्याला असं विनवलं होतं. दहाही घरांना वाटत होतं, ही पाळी फक्त आपल्यावरच आली.

अकरावं गाठोडं त्याचं स्वतःचं. मागच्या आषाढात त्याची म्हैस मोरणी आठव्या महिन्यात गाभडली, तेव्हा त्यानं घरात सांगितलं, "दिवस भरलं हुतं, रेडकू मेलेलं निघालं." ज्याच्या हाताला गाव शुभ म्हणतं त्याच्याच गोठ्यात असं व्हावं, हे त्याच्या तोंडातून बाहेर पडेना. अकरा घरांची अब्रू पोटात घेऊन तो हिंडत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचा थोडा अभिमानच होता.

त्याची नात भैरवी. वय एकोणीस, वजन बासष्ट किलो, आणि गावच्या तालमीत तिच्याशी जोड धरायला पोरगेही कुरकुरायचे. बाप लष्करात, लडाखकडे. आई स्वप्नाली गावच्या दूध संस्थेत दूध तपासायला. त्यामुळे भैरवीला वाढवलं ते आजोबानंच. रोज सकाळी मोरणीची धार काढून केरबा फेसाळलेली चरवी तिच्या हातात द्यायचा. उकळलेल्या दुधावर त्याचा विश्वास नव्हता. "उकाळलं की निम्मा जीव जातुया त्यातला," तो म्हणायचा. त्यात किती खरं होतं, हे त्याला पुढे फार वाईट रीतीनं समजलं.

दिवाळीत भैरवीला ताप आला. संध्याकाळी चढायचा, पहाटे अंथरूण भिजवून उतरायचा. आठ दिवस बरं वाटायचं, की पुन्हा चढायचा. मग पाठ धरली. नवख्या पोरींना खांद्यावर उचलून फेकणारी मुलगी संक्रांतीला स्वतःचा तांब्या उचलताना ओठ चावू लागली. कोल्हापूरला नेल्यावर रक्तात जिवाणू सापडला, ब्रुसेला नावाचा. त्याच्यावरची जुनी औषधं सहा आठवडे देऊन झाली. ताप हटला नाही.

* * *

औषधं संपली त्याच महिन्यात दूध संस्थेत एक यंत्र बसलं. दिसायला भजनातल्या पेटीएवढं. दुधाचा एक थेंब टाकला की दहा मिनिटांत ते सांगायचं, कुठला जिवाणू आहे आणि कुठल्या जातीचा. गावानं त्याचं नाव ठेवलं खबऱ्या. पहिल्याच दिवशी त्यानं एक्केचाळीस घरांपैकी सव्वीस घरांच्या दुधावर लाल दिवा लावला. स्वप्नाली यंत्रापाशी उभी होती. शेवटच्या कॅनवर तिनं स्वतःच्या घराचा नंबर वाचला आणि थेंब टाकला. दिवा लाल. सव्वीसाचे सत्तावीस झाले.

चार दिवसांनी डॉ. नसीमा मुजावर आली. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत ती जिवाणूंवर काम करायची. वय तिशीचं, बोलणं रोखठोक, आणि गडहिंग्लजकडच्या शेतकरी घरातली असल्यामुळे गोठ्यात शिरताना नाकाला रुमाल न लावणारी. तिनं आधी घराघरांत जाऊन एकच गोष्ट सांगितली, दूध उकळल्याशिवाय थेंबभर प्यायचं नाही. तीन उकळ्या आल्या की हा जिवाणू मरतो. मग संस्थेच्या हॉलमध्ये तिनं गाव बोलावलं.

"हा जिवाणू जनावराच्या गर्भाशयात वाढतो," ती म्हणाली. "म्हैस गाभडते ती ह्याच्यामुळं. नजर नाही, करणी नाही. दुधातनं, वारेतनं, हाताच्या चिरेतनं तो माणसात शिरतो. आपल्या रक्तात पहारेकरी पेशी असतात, जंतू दिसला की गिळून टाकणाऱ्या. ह्यालाही त्या गिळतात. पण हा त्यांच्या पोटात मरत नाही, तिथंच बिऱ्हाड करतो. चोर पोलीस चौकीतच लपून बसला तर त्याला हुडकायचं कुठं? म्हणून औषध पोचत नाही. त्यात तुमच्या गावातली जात जुन्या औषधांना दाद देईनाशी झालीय."

"पर आला कुठनं ह्यो?" संस्थेचे चेअरमन बाजीराव पाटील यांनी विचारलं. बाजीराव गावचे पुढारी. आवाज मोठा, घाई त्याहून मोठी.

"तेच दाखवते." नसीमानं भिंतीवर एक चित्र टाकलं. मुळापासून फांद्या फुटाव्यात तशा रेघा. "जिवाणू दुभागतो तेव्हा त्याच्या जनुकांत एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या पिढ्यांत तशीच उतरते. चुका जुळवत गेलं की कुणाचा बाप कोण ते कळतं. हेळवी येऊन घराण्याची वंशावळ सांगतो ना, तशी ही जिवाणूची वंशावळ. खबऱ्यानं काढलेली."

लोक माना वर करून बघू लागले. वंशावळ वरल्या आळीतल्या एका गोठ्यात सुरू झाली होती. तिथून शेजारी न जाता थेट वाडीवर गेली. वाडीवरून परत खालच्या आळीत. तिथून मारुतीच्या मागच्या घरात.

"म्हशी एकत्र चरत नाहीत ह्या," नसीमा म्हणाली. "पाणीही वेगवेगळं. म्हणजे म्हशीनं म्हशीला दिलेलं नाही. कुणीतरी माणूस ह्या गोठ्यातनं त्या गोठ्यात गेलाय, हातावर घेऊन. कोण, ते मला माहीत नाही."

मागच्या भिंतीला टेकून केरबा बसला होता. त्याला वाचता फारसं येत नव्हतं, पण हे चित्र त्याला वाचता आलं. वरली आळी, मग वाडी, मग खालची आळी, मग मारुतीच्या मागचं घर. याच क्रमानं त्याला हाका आल्या होत्या. त्यानं मांडीवरचे आपले दोन्ही हात बघितले, जणू दुसऱ्या कुणाचे होते, आणि हळूच धोतराच्या सोग्याखाली झाकले. कोल्हापूरला भैरवीच्या मणक्यात पू दिसला होता; तो आणखी आत गेला तर तिचे पाय जाणार होते, आणि जिवाणू काळजाच्या झडपेवर बसला तर जीवच. डॉक्टरांनी फार तर दोन-तीन महिन्यांची गोष्ट म्हटली होती.

* * *

दुपारी भैरवी पडवीत फळीवर पडली होती. केरबा तिच्या पायथ्याशी बसला. 

"आबा, तोंड का असं एरंडेल प्याल्यागत केलंय?"

"भैरू, मोरणी आषाढात याली न्हवती. गाभडली हुती."

भैरवी त्याच्याकडे बघत राहिली. "तुमाला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"आणि तिचंच कच्चं दूध तुमी मला..."

"व्हय. वार मीच उत्तरंकडं बांदली. गावात आनी धा म्हशी गाभडल्या, त्याबी मीच बांदल्या. माझ्याच हातानं ह्यो रोग फिरला, पोरी. त्या बाईंच्या चित्रात माझीच वाट हाय."

त्याला वाटलं होतं, ती रडेल किंवा समजूत घालेल. तिनं दोन्हीपैकी काही केलं नाही. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाली, "जावा तुमी हितनं."

एवढं कठोर बोलणं केरबाला आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं, कारण एवढ्या प्रेमाचं माणूसच दुसरं नव्हतं. तो उठला. दारापर्यंत गेला तेव्हा मागून आवाज आला.

"कुठं चाललाय?"

"वडाकडं. बसतो जरा."

"बसून काय उपेग? तिथं बसून रडणार, आणि पुन्यांदा गप ऱ्हाणार." ती कोपरावर उठायचा प्रयत्न करत होती आणि वेदनेनं तिचा चेहरा पिळवटला होता. "मातीत पाठ लागली तर ती लागली, असं मला तुमीच शिकवलंय. पंचाला फसवायचं न्हाई. जावा, आणि सांगा सगळ्यांस्नी. मग या माझ्याकडं."

* * *

पण बाजीरावांची घाई केरबाच्या धैर्याच्या पुढे धावली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव वडाखाली जमलं होतं. हॉलमधल्या भाषणातला वार हा शब्द लोकांनी नेमका पकडला होता, आणि वडावर तर वारांची सातशेच्या वर गाठोडी लोंबत होती. डिझेलचे दोन कॅन आले होते, लाकूड कापायचं यंत्र आलं होतं.

"शिमगा आठ दिवसांवर आलाय," बाजीराव गर्जले. "ह्या रोगाच्या झाडाचीच होळी करूया!"

नसीमा त्यांना समजावून थकली होती. "गाठोडी जाळायची आहेतच, पण आधी मला त्यांतले नमुने हवेत."

"किती न्हेशीला? सातशे?"

"नेले तरी उपयोग नाही," ती हळूच म्हणाली. "कुठलं कुणाचं ते कुठं लिहिलंय? नावं नसलेल्या पत्रांच्या ढिगासारखं आहे हे."

तेव्हा केरबा गर्दीतून पुढे आला. त्यानं डोक्यावरचा फेटा उतरवून हातात घेतला. आंबेखोलमध्ये फेटा हातात घेतलेला माणूस मयताला दिसतो.

"माझी एक चूक हाय," तो म्हणाला. "एक कसली, अकरा हाईत. त्या उत्तरंकडच्या फांदीवर टांगल्याती." आणि मग त्यानं सांगितलं. कुणाचंही नाव न घेता, चार वर्षांत गाभडलेल्या म्हशींबद्दल, हात धरून केलेल्या विनवण्यांबद्दल. "परत्येकाला वाटलं, आपलीच एकली. मला एकट्यालाच म्हाईत हुतं की अकरा हाईत. आणि मी ते तोंडात धरून बसलो. दुसऱ्याला आपली एकच म्हस गाभडली आसं वाटतं, पर अकरा म्हणजे रोग, हे माझ्यासारख्या जनावरातल्या माणसाला समजाय पायजे हुतं. एका गोठ्यातनं निघालो की ओढ्यात हात खंगाळलं आणि दुसऱ्या गोठ्यात गेलो. ज्यो हात तुमी शुभ म्हणत हुता, त्योच हात रोग घिऊन फिरला. अकरावी म्हस माझी. नात माझी."

मग गलका उसळला. कुणी शिव्या दिल्या. एकानं पायातली वहाण काढली. "गाव बुडीवलंस म्हाताऱ्या!" आणि गंमत अशी की सगळ्यांत मोठ्यानं ओरडणाऱ्यांत त्या दहापैकी सहा जण होते.

नसीमा मात्र केरबाच्या जवळ आली. तिच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. "आबा, ह्या अकरांतलं कुठलं कुणाचं, तुम्हाला आठवतं?"

"अकराचं काय, सातशेचं सांगतो की." केरबानं नाक ओढलं. "गाठ माझी हाय. पोतं त्यांच्या घरचं."

"मग ह्या अकरांतली एखादी म्हैस पुढं बरी झाली? नंतर नीट व्याली?"

केरबानं फांदीकडे बघितलं आणि तो थबकला. त्यानं आजवर फक्त वाईट मोजलं होतं. चांगलं मोजायला कुणी सांगितलंच नव्हतं. "एक हाय," तो म्हणाला. नाव सांगायचं म्हणजे दिलेला शब्द मोडायचा.

गर्दीतून एक ठेंगणी म्हातारी पुढे झाली. आक्काताई खाडे, एकटी राहणारी, एका म्हशीची मालकीण. "सांग की, केरबा. माझीच हाय ती. गाभडली, आणि म्होरल्या दोन वेताला दोन रेड्या दिल्या. खबऱ्यानं माझ्या दुधावर हिरवा दिवा लावलाय. त्यात लाजायचं काय?" मग ती उरलेल्यांकडे वळली. "आणि तुमी वरडताय कशापायी? गप ऱ्हावा म्हणून ह्याचं हात कुणी धरलं हुतं? मी तर धरलं हुतं बाबा."

वहाण काढलेल्या माणसानं ती गुपचूप पायात घातली. बाजीरावांनी डिझेलचा कॅन खाली ठेवला.

"एकदा लागण झालेलं जनावर सहसा असं साफ होत नाही," नसीमा जवळजवळ स्वतःशीच म्हणाली. "त्या म्हशीत असं काय होतं? आबा, कुठलं गाठोडं?"

"ओढ्याकडनं पाचवं. हिरव्या काठाच्या लुगड्याचं. त्यांच्याकडं पोतं न्हवतं."

* * *

अंगभर पांढरे झगे आणि तोंडावर मुखवटे घातलेली माणसं आली. केरबा खालून बोट दाखवायचा, ती वरून गाठोडी हवाबंद डब्यांत उतरवायची. गाठोड्यांची नोंद घ्यायला बसलेला तरुण दुपारपर्यंत तोंडाचा आ वासून बसला. म्हाताऱ्याला वीस वर्षांपूर्वीच्या म्हशीचं नाव, वेत आणि रेडकाचा रंग आठवत होता. नमुने घेऊन झाले, मग गाठोडी भट्टीत गेली. वड उभा राहिला.

गुढीपाडव्याच्या दिवशी नसीमाची गाडी थेट केरबाच्या अंगणात थांबली. तिनं एक काचेची चकती बाहेर काढली, नीट बंद केलेली. आत दुधाच्या सायीसारखा पातळ थर होता आणि त्या थराला भोकं पडली होती.

"ही साय म्हणजे जिवाणू," ती म्हणाली, "तुमच्या गावातलाच. लाखो. आणि ही भोकं म्हणजे त्याला कुणीतरी खाऊन टाकलेली जागा."

"कुनी खाल्लं?"

"त्याचाही काळ असतो, आबा. जिवाणूला खाणारा विषाणू. फाज म्हणतात त्याला. जिथं शिकार तिथं शिकारी येतोच कधीतरी. हा माणसाला, म्हशीला काही करत नाही, ह्याचं गिऱ्हाईक एकच. पहिल्यांदा जिवाणूच्या पाठीवर बसतो, आपली जनुकं आत सोडतो, आणि अर्ध्या तासात आतून शेकडो पोरं घेऊन फोडून बाहेर पडतो. आक्काताईंच्या म्हशीला तो कुठून तरी मिळाला, आणि त्या लुगड्यात तीन वर्षं वाळून बसला होता. पाण्यात घातला तसा जागा झाला."

स्वप्नाली दारात उभी होती. तिनं विचारलं ते आईनंच विचारावं असं होतं. "पण तुम्ही म्हणाला होता, चोर चौकीत लपलाय. हा तिथं शिरंल कसा?"

"तीच तर आमची करामत," नसीमा हसली. गेल्या दोन वर्षांत तिच्या प्रयोगशाळेनं एक युक्ती साधली होती. फाजला चरबीच्या अगदी बारीक थेंबात गुंडाळायचं. पहारेकरी पेशी तो थेंब खाऊ समजून गिळतात, आणि तो आत जाऊन फुटतो. "चौकीत जेवणाचा डबा पाठवायचा. डब्यात आपला माणूस. युक्ती तयार होती, ताई. ह्या जातीला खाणारा माणूसच मिळत नव्हता. जगभरातले फाज लावून बघितले, तुमच्या गावच्या जिवाणूनं एकालाही जुमानलं नाही. जुमानलं ते तुमच्याच वडावरच्याला."

उंदरांवर झालं, सशांवर झालं, परवानगी देणाऱ्या समितीनं महिनाभर कागद चाळले. शेवटी माणसावर वापरून बघायची मुभा मिळाली. नसीमा कागद घेऊन भैरवीपाशी बसली. धोका काय, फायदा काय, सगळं सांगितलं. भैरवी सही करायला पेन घेणार, तोच केरबानं मध्ये हात घातला.

"आदी मला टोचा."

"आबा, तुम्हाला कशाला?"

"दोन वरीस झालं, मलाबी ताप येतोय. काडा पिऊन दडवलाय. तपासून बगा रक्त." तपासलं. तोच जिवाणू होता. "हिचं रगात म्हागाचं हाय. माझं काय, सत्तरी झाली. काय वंगाळ हुयाचं ते माज्या अंगात हुंदे. ह्या हातानं लई जनांस्नी दिलंय, आता ह्येच्यात घेऊ द्या."

भैरवी एवढ्या महिन्यांत त्याच्याशी मोजकंच बोलली होती. तिनं पेन खाली ठेवलं. "आबा," ती म्हणाली, आणि तिनं त्याचं मनगट धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

केरबाला सलग दहा दिवस सुया टोचल्या. तिसऱ्या दिवशी त्याला असा ताप भरला की स्वप्नालीनं देव पाण्यात घातले. नसीमा मात्र रक्ताचे आकडे बघून खुशीत होती. जिवाणू फुटत होते, त्यांचाच हा ताप. सातव्या दिवशी तो उतरला आणि पुन्हा चढला नाही. दहाव्या दिवशी केरबा खाटेवरून उठून म्हणाला, "मला भूक लागल्या. तांबडा रस्सा मिळंल काय?" स्वप्नालीनं डोळे पुसत पातेलं चढवलं.

त्याच्या रक्तात एकही जिवंत जिवाणू सापडला नाही. दुसऱ्याच सोमवारी भैरवीला पहिली सुई टोचली.

तिचं दुखणं खोल होतं, वेळ जास्त लागला. पण ज्येष्ठात तिनं तांब्या उचलला, आषाढात पाण्याची घागर. श्रावणात मणक्याच्या फोटोत जुन्या जखमेची नुसती खूण उरली. कोल्हापूरचे डॉक्टर फोटो उजेडात धरून एकमेकांना दाखवत होते, आणि भैरवी बाहेरच्या बाकावर बसून विचारत होती, "जोर काढू का आता? निदान पन्नास?"

म्हशींनाही तेच औषध पाण्यातून दिलं. दिवाळीपर्यंत खबऱ्याचे सगळे दिवे हिरवे झाले. फाजचं नाव ठेवायची पाळी आली तेव्हा नसीमानं शास्त्राच्या वहीत लिहिलं, केरबा-पाच. पाच का, तर ओढ्याकडून पाचवं गाठोडं. "रोग खाणाऱ्या किड्याला आबांचं नाव!" गाव महिनाभर हसत होतं. आक्काताई तेवढी फुरंगटली. "लुगडं माझं, म्हस माझी, आणि नाव ह्या म्हाताऱ्याचं?"

एवढं सगळं झालं, तरी एक गोष्ट झाली नाही. केरबाला पुन्हा कुणी गोठ्यात बोलावलं नाही. कुणी वाईट बोललं नाही, चहालाही बोलवत. पण म्हैस अडली की फोन डॉक्टरलाच जायचा. त्याची काही तक्रार नव्हती. "बरूबर हाय त्यांचं," तो म्हणायचा आणि हात मांडीवर घेऊन बसायचा.

* * *

पुढच्या चैत्रात गावची म्हाई, म्हणजे जत्रा, भरली. कुस्त्यांचं मैदान वडाखालीच. वड आता मोकळा दिसत होता. गावानं नवी रीत घातली होती: वारेतला नखाएवढा तुकडा बाटलीत घालून प्रयोगशाळेत पाठवायचा, बाकीची चुना टाकून खोल पुरायची, आणि वडाला टांगायचं ते रिकामं पोतं. वडाला काय, मान मिळाल्याशी कारण.

शेवटची कुस्ती भैरवीची. समोर सांगलीची पोर, तिच्याहून चार किलो जड, दोन वर्षं न हरलेली. दीड वर्षानंतर भैरवी मातीत उतरली तेव्हा हलगी घुमू लागली आणि केरबाच्या छातीत तीच वाजू लागली. पहिली चार मिनिटं ती खाली दबून राहिली. सांगलीकरणीनं तिची कंबर धरून तिला उचललं. त्या पाठीत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. भैरवी हवेतून पायांवर उतरली, वाकली, एक पाय ओढून एकेरी पट काढला आणि समोरच्या पोरीला अशी पालथी पाडून उलटवली की तिचे दोन्ही खांदे मातीला लागल्यावर धुरळा उठला.

फेटे उडाले. बाजीराव चेअरमन, पंच असल्याचं विसरून, नाचले. भैरवी खांद्यावर चांदीची गदा घेऊन, मातीनं माखलेली, गर्दी फोडत थेट आजोबाकडे आली. "आबा, दूध!"

"तापवून ठेवलंय," केरबा म्हणाला. त्याला पुढचं दिसत नव्हतं, डोळे भरले होते. "तीन उकळ्या दिल्यात. मोजून."

ती तांब्या तोंडाला लावते न लावते तोच गर्दीतून आक्काताई धापा टाकत आली. "केरबा! माझी म्हस अडलीया. पाय मुरगाळलाय आतनं. डॉक्टरला फोन केला, त्यो घाटात अडाकलाय." ती थांबली. आजूबाजूला दहा-वीस माणसं ऐकत होती. "आणि तो हितं असता तरी मी तुझ्याकडंच आली असती. हात तुझाच पायजे."

केरबा जागचा हलला नाही. त्यानं आधी आक्काताईकडे बघितलं, मग भैरवीकडे.

भैरवीनं तांब्या आणि गदा आईच्या हातात दिली. ती धावत घरी गेली आणि खुंटीवरचे कोपरापर्यंतचे हातमोजे अन् चुलीवरच्या गरम पाण्याची बादली घेऊन आली. वर्षापूर्वी नसीमानं दिलेले, घडीही न मोडलेले. तिनं ते एकेक करून आजोबाच्या हातात चढवले, लहान पोराला झबलं घालावं तसे. मग ती बादली पुन्हा उचलली, तीच पाठ वाकवून, ओठ न चावता.

"चला," ती म्हणाली.

म्हातारा पुढे आणि मातीनं माखलेली पैलवान मागे, असे ते दोघं आक्काताईच्या गोठ्याकडे निघाले. आणि वाटेत जो भेटेल त्याला भैरवी ओरडून सांगत होती, "बाजूला व्हा रं! आबाला बोलावणं आलंय!"